चुकायच्या जागा

संक्रांतीला काकूंनी तिळगुळाच्या पुडीबरोबर घरोघरी एक कागद दिला. पोस्टकार्डाएवढा, दोन्ही बाजूंनी हाताने लिहिलेला. पुढे मराठी, मागे तमिळ. मराठी बाजू काकांच्या अक्षरात, तमिळ बाजू वरच्या मजल्यावरच्या मामींच्या. चेन्नईच्या पश्चिमेला, आवडी स्टेशनच्या दक्षिणेकडे आमची ही तीन मजली इमारत. तीत मराठी घरे दोनच, आमचे आणि काकांचे. संक्रांत आणि पोंगल एकाच सुमाराला येतात, त्यामुळे त्या दिवसांत दारांतून वाट्या जात-येतच असतात. त्या वाट्यांच्या सोबतीने हा कागद सगळीकडे पोचला. त्यावर होते ते एवढेच:

आवडी
उ १३° ०६.□□□′   पू ८०° ०६.□□□′
गावाचे नाव घ्या. तेवढे पुरे.
वर रोज सकाळी मुले भैरव शिकतात. त्याला इथे नंबर आहे, आमच्याकडे नाही.
सगळे अंक एकत्र आले की आपण राहतो तो अंश होतो.
तिथे पोचलात की माझ्या गावी निजलेल्या साहेबाची एक साखळी चाला. तोंड त्याच्याकडे करून.

शेवटी एक डबा होता. तो आता तिथे नाही, काकांनी तो काढून घेतला, म्हणूनच उकल लिहायला हरकत नाही. जागेवर असलेल्या डब्याची उकल जाहीर करणे या छंदात अक्षम्य मानतात आणि ते योग्यच आहे. पण संपलेल्या कोड्याविषयी बोलता येते, मैफल संपल्यावर गाण्याविषयी बोलावे तसे. गाण्यातले जाणकार म्हणतात ना, अमक्याने अमकी ‘जागा’ कशी घेतली. या कागदात तशा जागा आहेत. मला त्या एकेक करून दाखवायच्या आहेत, कारण डबा सापडण्याच्या घाईत त्यांतल्या बऱ्याच आमच्या हातून निसटल्या होत्या.

आधी छंदाविषयी थोडे. उपग्रहांवरून जागा सांगणारी अमेरिकी यंत्रणा पूर्वी सामान्यांसाठी मुद्दाम धूसर ठेवलेली असे आणि चूक शंभर मीटरपर्यंत जाई. मे २००० च्या सुरुवातीला ती धूसरता काढून टाकण्यात आली. लगेच ३ मे रोजी ऑरेगन राज्यात डेव्ह अल्मर यांनी रानात एक काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. आत पुस्तके होती, व्हिडिओ होते, एक गलोल होती आणि घेवड्याचा एक डबाबंद टिनही. नियम साधा होता: काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा, वहीत नाव लिहा. त्यातून जगभर जिओकॅशिंग पसरले. त्यात एक प्रकार कोड्यांचा आहे, नकाशावर निळ्या प्रश्नचिन्हाने दाखवतात तो. त्यात जागा सांगत नाहीत, कोडे सांगतात आणि उत्तर हीच जागा असते. काकांचा कागद या जातीचा. मात्र त्यांनी तो कुठल्याही यादीत नोंदवला नाही. तो इमारतीपुरताच राहिला.

पहिली बारीक गोष्ट चौकोनांची. अंश उघड आहेत, पूर्ण मिनिटेही उघड आहेत. झाकलेले आहेत ते फक्त दशांशानंतरचे तीन-तीन अंक. बहुतेक कोडेकार सगळेच झाकतात आणि सोडवणाऱ्याला उगाच मोठे आकडे शोधायला लावतात. तेरा आणि ऐंशी शोधून काढण्यात इथल्या माणसाला कसले समाधान? काकांनी जे सर्वांना ठाऊक आहे ते देऊन टाकले आणि खेळाचे अंगण आखून दिले. आपल्या या अक्षांशावर एक मिनिट म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे १,८४० मीटर, पूर्व-पश्चिम सुमारे १,८१० मीटर. म्हणजे जवळजवळ चौरस अंगण, चालत तासाभरात आडवे-उभे पार होईल असे. त्याचे हजार गुणिले हजार असे दहा लाख तुकडे पडतात, प्रत्येक तुकडा एका माणसाने हात पसरले तर व्यापेल एवढा. सहा रिकामे चौकोन भरायचे म्हणजे त्या दहा लाखांतला एक निवडायचा. कागदावर सहा चौकोन काढण्यात केवढे मोजमाप आहे, हे मला फार उशिरा दिसले.

आता पहिली ओळ. गावाचे नाव घ्या. सगळ्यांनी घेतले आणि सगळे अडले. इथे एक गोष्ट रिक्षावाल्यापासून शाळकरी मुलापर्यंत सर्वांना पाठ असते. आवडी हे नाव म्हणे ‘आर्मर्ड व्हेइकल्स अँड डेपो ऑफ इंडिया’ या शब्दांच्या आद्याक्षरांचे. रणगाड्यांचा कारखाना, सैन्याचे डेपो, चिलखती वाहनांची संशोधनसंस्था हे सगळे इथलेच, तेव्हा गोष्ट पटतेही. मुलांनी लगेच रोमन अक्षरांना क्रमांक दिले. १, २२, १, ४, ९. तीन चौकोनांत ते बसेनात. जोडून पाहिले, बेरीज करून पाहिली, काही जमेना. पण कारखाना उभा राहिला १९६१ मध्ये. त्याआधी, जानेवारी १९५५ मध्ये, ढेबरभाईंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले होते ते याच आवडीला. समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव झाला तो इथेच. इतिहासाच्या पुस्तकात ‘आवडी अधिवेशन’ वाचणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना तेव्हा ठाऊक होते की हे एक गाव आहे, मनाची आवड नव्हे? म्हणजे भारतात बनलेला पहिला विजयंता रणगाडा १९६५ मध्ये कारखान्याबाहेर येण्याच्या दहा वर्षे आधी नाव देशभर झाले होते. ज्याला हे आठवते तो आद्याक्षरांच्या मागे लागत नाही. खोट्या वाटेवरच तिथून परतायची खूण ठेवलेली आहे, फक्त ती कागदावर नाही, सोडवणाऱ्याच्या डोक्यात आहे.

मग नाव घ्यायचे तरी कसे? ते दुसरी ओळ सांगते. ही या कागदाची सर्वांत सुंदर चाल. दुसरी ओळ पहिलीच्या आधी उघडते.

मामी सकाळी सहाला मुलांना गाणे शिकवतात. कर्नाटक संगीतात मुलाला बसवले की पहिले धडे, ज्यांना इथे सरळी वरिसै म्हणतात, ते मायामाळवगौळ रागात देतात. ऋषभ-धैवत कोमल, बाकी शुद्ध. हिंदुस्थानी कानांनी ऐकले की हा आपला भैरवच. मी इथे आले तेव्हा पहिल्या आठवड्यात जिन्यात उभी राहून ऐकले होते आणि घरी येऊन म्हटले होते, वर कोणीतरी भैरव घोकते आहे. काकांनी ओळ लिहिली ती या नेमक्या अनुभवावर. मराठी घराला राग ओळखू येतो, पण त्याचा नंबर ठाऊक नसतो. आपले भातखंडे १९०४ मध्ये दक्षिणेत फिरून गेले, इथली बहात्तर मेळांची रचना त्यांनी अभ्यासली आणि पुढे आपल्याला दहा थाट दिले. थाटांना नावे दिली, क्रमांक दिले नाहीत. इथे मात्र प्रत्येक मेळाला क्रमांक आहे. तो पाठ करावा लागत नाही, कारण तो नावातच बसवलेला असतो. जुने नाव मालवगौळ. त्याच्यापुढे ‘माया’ जोडले ते क्रमांक बसावा म्हणून. शंकराभरणापुढे ‘धीर’ आले आणि कल्याणीपुढे ‘मेच’ आले तेही त्यासाठीच.

हे करण्याची जुनी युक्ती म्हणजे कटपयादी. क, ट, प आणि य या अक्षरांपासून एक, दोन, तीन असे मोजत जायचे. न आणि ञ शून्य. जोडाक्षरात शेवटचे व्यंजन तेवढे धरायचे, काना-मात्रा मोजायच्या नाहीत, आणि स्वर एकटाच उभा असेल तर तोही शून्य. केरळातल्या ज्योतिषांनी ग्रहांचे कोष्टक श्लोकांत बसवले ते याच रीतीने. मा म्हणजे पाच, या म्हणजे एक. आणि अंक उजवीकडून डावीकडे चढतात, पहिले अक्षर एकंचे. म्हणून मायामाळवगौळ पंधरावा.

मामींना हे विचारायला गेलेल्या प्रत्येकाला त्यांनी फक्त नंबर सांगितला. पंधरा. का, ते सांगितले नाही. ‘नाव नीट म्हणा,’ एवढेच म्हणाल्या. कोड्यात सामील असलेल्या माणसाने किती सांगावे याचा हा वस्तुपाठ. कारण नंबर नुसता हाती येऊन भागत नाही. नावातून नंबर कसा निघतो हे ज्याने विचारले त्यालाच पहिली ओळ उघडते. गावाचे नाव घ्या. आ म्हणजे शून्य. व म्हणजे चार. डी म्हणजे तीन. उलट वाचा: ३४०.

मी हे पहिल्यांदा कागदावर मांडले तेव्हा हातातली पेन्सिल खाली ठेवली. गावाच्या नावात गावाचा अक्षांश! अर्थात तो तिथे कोणी ठेवलेला नव्हता. स्टेशनपासून दक्षिणेला चालण्याच्या अंतरावर असलेल्या त्या रेषेवर काकांनी जागा शोधली, नावातून निघणारा आकडा आधी काढून. इतर लोक जागा निवडतात आणि मग तिच्यासाठी कोडे ओढूनताणून शिवतात. काकांनी नावाला विचारले, तू कुठे नेणार, आणि मग तिकडे गेले. आयुष्यभर कारखान्यात सुटे भाग नकाशाप्रमाणे बसवलेल्या माणसाची ही रीत असावी, पण कवीही यमकाबाबत असेच वागतात.

आता त्याच चालीतली दुसरी, अधिक नाजूक जागा. कटपयादी शिकणारा हमखास चुकतो ते दिशेत. सुलट वाचले तर मायामाळवगौळ एक्कावन्न होतो. बहात्तरांत एक्कावन्न आहेच, म्हणजे आकडा अशक्य म्हणून टाकूनही देता येत नाही. आणि एक्कावन्नावा मेळ कोणता? कामवर्धिनी. का एक, म पाच. हे दोघे एकमेकांच्या आरशातले. ही जोडी काकांनी शोधली नाही, ती संगीतात आधीपासून आहे. पण नेमका असा राग पहिल्या धड्याचा असावा, तो आपल्या भैरवाच्या स्वरांचा असावा आणि दिशा शिकवायला तोच उपयोगी पडावा, हे ज्याच्या लक्षात आले त्याचे कौतुक करायला मला दुसरा शब्द सुचत नाही: ही जागा त्यांनी घेतली.

तमिळ घरांसाठी चूक वेगळी ठेवली होती. भैरव म्हटल्यावर त्यांना आधी भैरवी आठवते आणि तिचा मेळ नठभैरवी, विसावा. मग रेखांश वीसने सुरू होतो. ओळीतले ‘मुले शिकतात’ हे दोन शब्द ज्याने नीट वाचले तो वाचला, कारण भैरवीने कोणी मुलाला बसवत नाही. म्हणजे मराठी माणूस राग ओळखून नंबरापाशी अडतो, तमिळ माणूस नंबराच्या यादीत राहून रागापाशी अडतो. एकाला जिना चढावा लागतो, दुसऱ्याला उतरावा लागतो. त्या आठवड्यात आमच्या जिन्याला जेवढी वर्दळ होती तेवढी एरवी दिवाळीतही नसते.

कागदाच्या मागच्या बाजूविषयी बोलायलाच हवे, कारण तिकडे कोणाचेही लक्ष जात नाही. मामींनी चारही ओळी तमिळमध्ये सुरेख उतरवल्या. पण मथळा? तो तमिळ बाजूलाही देवनागरीतच आहे. आम्हाला वाटले, काकांचा गावाविषयीचा लळा. खरे कारण काटेकोर आहे. तमिळ लिपीत ट आणि ड यांना एकच अक्षर. तमिळमध्ये लिहिलेले आवडी कटपयादीने वाचायचे तर शेवटचे अक्षर एक धरायचे की तीन, हे ठरवता येत नाही. एक धरले तर ३४० चे १४० होतात आणि माणूस पावणेचारशे मीटर दक्षिणेला जाऊन उभा राहतो. एका अक्षराच्या घोषामुळे! हा घोळ टाळायला त्यांनी एक वाक्यही खर्च केले नाही. मथळा तसाच ठेवला, बस.

तिसरी ओळ साधी वाटते आणि आहेही. ३, ४, ०, १, ५ हाती आले, सहावा राहिला. सगळे मिळून आपण राहतो तो अंश. अंश दोन आहेत, तेरा आणि ऐंशी. पण सहा अंकांची बेरीज चोपन्नाच्या वर जाऊच शकत नाही, म्हणून ऐंशी बाद. तेरा हवे. आणि पाच अंकांची बेरीज आधीच तेरा झालेली. म्हणजे शेवटच्या चौकोनात काहीच येत नाही. चौकोन रिकामाच उरतो, आणि रिकामा चौकोन म्हणजे शून्य. काकांच्या कागदावरच्या सहा रिकाम्या चौकोनांपैकी शेवटचा पहिल्यापासून भरलेलाच होता, असे म्हटले तरी चालेल.

इथे माझा एक आक्षेप होता. कोड्यांच्या छंदात अशी बेरीज देतात ती पडताळ्यासाठी, चूक पकडायला. काकांची बेरीज चूक पकडत नाही. ०४३ आणि ३४० यांची बेरीज सारखीच, १५ आणि ५१ यांचीही. १४० धरले तर शेवटी दोन येतात आणि बेरीज तेराच होते. विसावा मेळ धरला तर शेवटी चार येतात, तेव्हाही तेराच. एकही चुकीचे उत्तर या दारात अडवले जात नाही. हा दोष मी त्यांना बोलूनही दाखवला. ते म्हणाले, ‘अडवायचं कशाला? जाऊ दे की चालत.’

मग मी नकाशावर सगळी चुकीची उत्तरे मांडली. नाव सुलट वाचले तर साडेपाचशे मीटर दक्षिणेला. डीचा टी केला तर पावणेचारशे मीटर दक्षिणेला. राग सुलट वाचला तर साडेसहाशे मीटर पूर्वेला. भैरवी धरली तर शंभर मीटर पूर्वेला. दोन चुका एकत्र केल्या तर आग्नेयेला. एकही चूक उत्तरेला जात नाही. उत्तरेला रूळ आहेत आणि रुळांपलीकडे कारखाना. जाहीर डब्यांच्या नियमांत रेल्वे आणि लष्करी जागा वर्ज्य असतात. यादीबाहेरच्या या खेळात नियम पाळला जातो आहे की नाही हे पाहणारे कोणी नव्हते. तरी त्यांनी तो उत्तराला तर लावलाच, चुकांनाही लावला. त्या सगळ्या ठिकाणी ते एकेकदा चालत गेले होते, उघडी गटारे पाहत, कोणाच्या कुंपणात तर मूल शिरणार नाही ना हे पाहत. बरोबर उत्तर नीट बसवणारे कोडेकार पुष्कळ असतात. चुकीच्या उत्तरांची एवढी काळजी घेतलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. माझा आक्षेप मी मागे घेतला.

तर उ १३° ०६.३४०′, पू ८०° ०६.१५०′. फोन हातात घेऊन माणसे तिथे पोचली. आकडे दोन मीटरांपर्यंत नेमके आहेत, पण फोन मोकळ्या आभाळाखाली साधारण पाच मीटरांत जागा दाखवतो, झाडाखाली आणि भिंतींजवळ त्याहून सैल. काकांना हे ठाऊक होते. म्हणून डबा त्या बिंदूवर नाही. तिथून पुढचे काम यंत्राकडून काढून पायांकडे दिले आहे.

माझ्या गावी निजलेला साहेब. काकांचे गाव वर्धा जिल्ह्यातले हिंगणघाट. आमच्या घरात हे सर्वांना माहीत होते, कारण हिंगणघाट म्हटले की काका कापसाच्या गाड्यांविषयी बोलू लागतात. पण साहेब कोणता? उत्तर शोधायला चेन्नईकडेच यावे लागते. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्टन यांनी परंगीमलै, म्हणजे सेंट थॉमस माउंटपासून दक्षिणेला पेरुंबाक्कमच्या टेकडीपर्यंतची आधाररेषा मोजायला सुरुवात केली. साडेसात मैल, सुमारे बारा किलोमीटर. साऱ्या हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीचा पाया तिथे पडला. पुढे दोन दशके ते मोजत राहिले आणि हैदराबादहून नागपूरच्या वाटेवर २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारले. कबर तिथेच आहे. ज्याने मद्रासेच्या भुईवर पहिली साखळी टाकली तो काकांच्या गावी निजला आणि हिंगणघाटचा मुलगा नोकरीसाठी मद्रासेजवळ येऊन राहिला. काकांनी हा योगायोग कुठेही बोलून दाखवला नाही. त्याची ओळ केली. आणि कागद वाटला तो संक्रांतीला, लॅम्टनची पुण्यतिथी आठवड्यावर असताना. ते मुद्दाम होते का, हे मी त्यांना विचारले नाही.

साखळीतही एक जागा आहे. आपल्याकडच्या जमिनीच्या हिशोबात वाढलेल्या माणसाला साखळी म्हटले की तेहतीस फूट आठवतात, कारण तेहतीस फुटांचा चौरस म्हणजे गुंठा. माझ्या सासऱ्यांच्या तोंडी हा हिशोब सतत असे, आणि मी तेहतीस फुटांवरच थांबले होते. एका ओट्याच्या कडेला, काहीही नसलेल्या ठिकाणी. पण ओळीत साखळी साहेबाची आहे. लॅम्टनची पोलादी साखळी शंभर फुटांची होती, अडीच-अडीच फुटांच्या चाळीस कांबींची. ती लाकडी खोक्यांत ठेवून, शेजारी तापमापक लावून मोजत, कारण उन्हात पोलाद वाढते. शंभर फूट म्हणजे साडेतीस मीटर, मध्यम चालीची चाळीस पावले. दहा मीटर आणि तीस मीटर यांतला फरक फोनच्या चुकीहून कितीतरी मोठा आहे, म्हणजे चुकलेल्याला चूक कळण्याची सोय आहे. कांबी चाळीस आणि पावलेही चाळीस. हे जुळते ते मला सासऱ्यांचा हिशोब बाजूला ठेवल्यावर, तिथे उभी असतानाच कळले.

आणि दिशा. तोंड त्याच्याकडे करून. सगळे उत्तरेला तोंड करतात, हिंगणघाट उत्तरेला म्हणून. पण ते ७८ आणि ७९ रेखांशांच्या मध्ये आहे, आपण ८० च्या पलीकडे. म्हणजे खरी दिशा उत्तरेपासून सुमारे नऊ अंश पश्चिमेकडे झुकलेली. नऊ अंश म्हणजे काय मोठेसे, असे वाटते. साडेतीस मीटर चालल्यावर ते पावणेपाच मीटर होतात. त्या रस्त्याच्या कडेला दोन कडुलिंब शेजारी शेजारी आहेत, मध्ये साधारण तेवढेच अंतर. सरळ उत्तरेला चालणारा पूर्वेकडच्या लिंबापाशी पोचतो आणि तिथे काहीच नसते. आठशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या एका कबरीकडे नीट तोंड केले की माणूस पश्चिमेकडच्या लिंबापाशी येतो. तिथे बुंध्याच्या बेचक्यात, खांद्याच्या उंचीवर डबा.

डब्याविषयी थोडक्यात सांगते, कारण त्याची नजाकत न दिसण्यात आहे. परदेशी छंदिष्टांचा लाडका डबा म्हणजे सैन्याची जुनी काडतुसाची पेटी. मजबूत आणि पाणी न शिरणारी. आवडीत ती ठेवणे म्हणजे पोलिसांना बोलावणे. काकांनी चार बाजूंनी कडी बसणारा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घेतला, आतले सगळे बाहेरून दिसेल असा, आणि वर तीन भाषांत ‘मुलांचा खेळ’ असे लिहून खाली आपल्या घराचा क्रमांक. आत औषधाच्या बाटलीतून काढलेल्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या, कारण इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरातला आणि तो कशातही शिरतो. वहीला पेन नाही, पेन्सिल, कारण ओल्या हवेत शाई पसरते आणि शिसे टिकते. बाकी खजिना म्हणजे आमसुलाची पुडी, चार गोट्या, एक छोटा पत्र्याचा रणगाडा. रणगाडा पहिल्याच दिवशी गेला आणि त्याच्या जागी जिगरठंडा या पेयाच्या दुकानाची एक रंगीत पावती आली. लहान मुलाच्या हिशोबात तो सौदा बरोबरीचा असणार.

वही आता माझ्यापाशी आहे. त्यात अकरा नोंदी आहेत, सात तमिळ, तीन मराठी. अकरावी माझ्या मुलाने आणि मामींच्या एका विद्यार्थिनीने मिळून केलेली. तिला देवनागरी नुकतीच येऊ लागली होती, त्यामुळे अक्षरे वेगवेगळ्या उंचीची आहेत आणि शिरोरेषा मधेच तुटली आहे. लिहिले आहे: ‘आधी कामवर्धिनीला जाऊन आलो.’

त्याखाली काकांच्या अक्षरात, बारीक पेन्सिलीने: ‘मीही.’